बाहेर बसलेल्याजवळ

आमच्या कबड्डीच्या टीमला कोच होता, पण मॅच चालू असताना तो टीमजवळ बसायचाच नाही. जो गडी बाद होऊन रेषेबाहेर आला, त्याच्या शेजारी जाऊन मांडी घालायचा. आता सगळ्यात जास्त बाद कोण व्हायचं? मीच. त्यामुळे त्या माणसाच्या शेजारी माझ्याइतकं पूर्ण सुरतेत कोणी बसलं नसेल.

तो नवापूरकडचा ख्रिस्ती, सुरतेतच पर्वत पाटियाजवळ कापडाच्या लूमवर कामाला. आम्ही धुळ्याची पोरं, तीही लूमवरचीच. ड्यूटी सुटली की मैदानात. सराव संपला की तो डोळे मिटून प्रार्थना करायचा, शेवटी आम्ही सगळे ओरडायचो, "आमेन!" अर्थ कोणाला माहीत? सुटी झाली एवढं कळायचं. त्यावरून त्याचं नाव पडलं आमेनदादा.

जिंकू दे, असं त्याने कधी मागितलं नाही. एकदा मी म्हटलं, "दादा, तुझ्या देवाला सांग ना, आजच्या दिवस मला एक पॉइंट दे."

"तुला पॉइंट द्यायचा म्हणजे त्याला फार मोठा चमत्कार करावा लागेल," दादा म्हणाला. "त्यापेक्षा पडल्यावर उठायची ताकद माग. ती तुला रोज लागते."

चलथाणच्या मॅचमध्ये तर मी कमालच केली. चढाईला गेलो, समोरचा पैलवान बघून दम तिथेच सुटला. कोणी हात लावायच्या आधीच बाद! आमचा भुऱ्या ओरडला, "अरे, त्याला घरी पाठवा, भाकरी थापायला!" मी बाहेर येऊन गुडघ्यात तोंड घातलं. दादा शेजारी येऊन बसला.

"रडतोस काय? बाद म्हणजे मेला नाही. आपल्यातला कोणी पॉइंट आणेल, की तू परत आत. बाहेर बसलेल्याजवळ देव बसतो, बघ. आतल्यांना वेळ कुठे असतो त्याच्याकडे बघायला?"

मी खरंच बाजूला बघितलं. तिथे दादाच होता, खोकत.

तो खोकला तेव्हापासूनचा. आम्ही म्हणायचो, लूमची रुई आहे, गूळ खा. गुळाने गेला नाही. पुढे दम पुरेना, शिट्टी वाजवता येईना. मग सरकारी दवाखान्यात नाकाला नळी लागली. डॉक्टर बाहेर येऊन वहिनीशी हळू बोलले. वहिनीने पदर तोंडाला लावला, तेव्हा आम्ही समजलो.

भेटायला गेलो. दादा बारीक झालेला, डोळे मोठे. मी उगाच विनोद करत होतो. त्याने माझं मनगट धरलं.

"मला भीती वाटते रे. एवढ्या पोरांना सांगितलं, भिऊ नका. आता मीच बाहेर बसलोय, आणि शेजारी कोणी दिसत नाही. प्रार्थना करायला जातो, तर दोन शब्दांत दम संपतो. तू कर."

"दादा, मी चौथी नापास. मला फक्त आमेन येतं."

"मग शेवटाकडून सुरू कर."

वहिनीने मान खाली घातली. आजूबाजूच्या खाटांवरचे बघायला लागले. मी डोळे मिटले.

"आमेन. देवा, मी तुझ्याकडचा नाही, तू मला ओळखत नसशील. मी तो, जो नेहमी बाद होतो. या दादाने तुझ्यासाठी घसा कोरडा केला. बाहेर बसलेल्याजवळ तू बसतोस म्हणतो. तर बस ना. त्याला दिसेल असा बस. उठून जाऊ नको. पुन्हा आमेन."

डोळे उघडले तर दादाच्या गालावरून पाणी चाललेलं, आणि ओठ हसत होते. "पहिल्यांदा पॉइंट आणलास रे," म्हणाला. मनगट सोडलं नाही. तसाच झोपला.

चार दिवसांनी गेला. माती देताना वहिनी म्हणाली, "शेवटी घाबरले नाहीत हं."

आता सराव संपला की पोरं माझ्याकडे बघतात. मी आमेनपासूनच सुरू करतो, दुसरं येत नाही. भुऱ्यासुद्धा हसत नाही. आणि अजून मी रोज बाद होतो. बाहेर बसलो की शेजारची जागा मोकळी ठेवतो. कबड्डीत नियम आहे, आधी बाद झालेला आधी परत येतो. म्हणजे दादाचा नंबर माझ्या आधी. फक्त त्याला परत आणणारा पॉइंट माझ्यावर ठेवू नको रे देवा.