चारशे बारावी ओळ

“दार मी करायचं, कडी मी बसवायची, आणि तू येऊन चौकटच उपटायची. वर मलाच सांगायचं, अक्का, हवा कशी छान येते.”

टीमचा प्रमुख हसला. सहा वर्षांपूर्वी तो अक्काच्याच हाताखाली काम शिकला होता, तिची जीभ त्याच्या सवयीची होती. “अगं, साहेबांना पंप दाखवायचा होता. चालला ना?”

“उतारावर सोडली तर हातगाडीही चालते.”

रोग्याच्या शिरेत औषध सोडणाऱ्या पंपांचे प्रोग्रॅम लिहिणारं हे ऑफिस. ते ज्या फंक्शनल भाषेत लिहितात, तिचा कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून यंत्राला कळेल असं करून देणारा प्रोग्रॅम, अक्का सांभाळते. बाई अंगानं किरकोळ, खुर्चीच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. त्या भाषेत प्रोग्रॅमच्या खोल्या पाडतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. दारावर पाटी असते, इथं काय मिळेल याची. बाकी आत कुणी डोकवायचं नाही. मिलिग्रॅम काय, मायक्रोग्रॅम काय, आतून दोन्ही नुसते आकडे. पण खोलीबाहेर येताना मूठ झाकलेली असते, म्हणून एकात दुसरं मिसळायला गेलं की कंपायलर मनगट धरतो.

अडचण एकच होती. दोन खोल्यांना एकमेकींची गरज पडली की भाषा नाही म्हणायची. मग लोकांनी सगळा संसार एकाच फायलीत कोंबला, नऊ हजार ओळी. अक्कानं दोन वर्षं डोकं झिजवून भाषेतच सोय वाढवली: खोल्या एकमेकींना टेकतील, मुठी मात्र झाकलेल्याच राहतील. त्या मुठींपायीच दीड वर्ष गेलं. आणि या पठ्ठ्यानं गेल्या आठवड्यात कंपायलरमध्ये एक ओळ घातली: टेकलेल्या खोल्यांनी एकमेकींच्या आतलं खुशाल बघावं. कंपायलर दाखवत होता त्या सत्तेचाळीस चुका एका दमात गायब. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. आज दुपारी हाच कंपायलर सगळ्या टीमना जायचा होता, अक्काच्या सहीनं.

“मी सही करणार नाही.”

“अक्का, मिलिग्रॅममध्ये मायक्रोग्रॅम मिसळणार कोण? इथं सगळे शहाणे आहेत.”

“कुंपण काढायचं आणि म्हणायचं, गुरं शहाणी आहेत.” तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली. “डोसची फाईल. चारशे बारावी ओळ. वाच.”

त्यानं वाचली. मग ओठ हलवत पुन्हा वाचली. रोग्याला किती औषध चालेल ती मर्यादा मायक्रोग्रॅममध्ये, आधी गेलेलं औषध मिलिग्रॅममध्ये, आणि मधे सरळ वजाबाकी. एका मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम हजार; पाच हजारांतून दोन हजार जायचे, तिथं दोनच गेले होते. म्हणजे पंप समजणार, रोगी जवळजवळ कोराच आहे, सोडा अजून.

“कुणी लिहिलीय ही?”

“शेजारी नाव आहे. तारीखही आहे.”

नाव त्याचंच होतं. तो खुर्चीत बसला.

“कंपायलर काहीच बोलला नाही गं.”

“बोलेल कसा? तोंडात बोळा तूच कोंबलास. दाखवताना पंपात पाणी होतं, नळीच्या टोकाला कुणी रोगी नव्हता, एवढंच तुझं नशीब.”

त्यानं आपली ओळ स्वतःच्या हातानं पुसली. सत्तेचाळीस चुका निमूट परत येऊन उभ्या राहिल्या, चारशे बाराव्या ओळीची त्यांतच.

“साहेबांना काय सांगू?”

“केलंस ते सांग. मला विचारलं तर मी सांगेन, आणि मी काही तुझ्याइतकी गोड बोलत नाही.”

तो उठून गेला. अक्कानं पायानं पुठ्ठा नीट सरकवला आणि पहिली चूक उघडली.