मोतीबाईने फडावर धाडलेली शाळा

मोतीबाई आडे चोर नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण ती चोर आहे असा ज्या कागदाचा अर्थ निघतो, त्या कागदाखाली सही माझी आहे. मी भागवत सर. राहतो इंझोरीला आणि मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत अकरा वर्षं शिकवतो. वर्ग पाच, मास्तर दोन, त्यातला एक कायम कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला गेलेला. राग आलाय म्हणून लिहितोय. कंपनीचा आलाय, संस्थेचा आलाय, साहेबाचा आलाय, आणि स्वतःचा किती आलाय ते पुढे कळेलच.

मोतीबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. बावन्न-त्रेपन्नची बाई, उंचीनं बुटकी, पण हाक मारली की खालच्या शेतातली पोरं दप्तर घेऊन पळत यायची. लग्न होऊन तांड्यावर आली त्या वर्षापासून दसऱ्यानंतर मुकादमाच्या ट्रकमध्ये चढायची आणि होळीला परतायची. असे अठरा हंगाम तिनं ऊस तोडला. मग नवरा धरमसिंग मोळी चढवताना ट्रॉलीवरून पडला, कंबरेतून गेला, आणि ती घरी थांबली. शाळेचं काम मिळालं ते तेव्हा.

तिची मुलगी ज्योत्स्ना हुशार होती. पण दर दसऱ्याला आईबरोबर फडावर जायची आणि परत यायची तोवर वर्ग पुढे निघून गेलेला असायचा. तिसरीत तिला मागच्या बाकावर बसवलं, चौथीत ती आलीच नाही. आता तीच ज्योत्स्ना नवऱ्याबरोबर कोयता घेऊन जाते. तिची पोरगी निकिता मात्र आजीपाशी राहिली. मोतीबाईनं सगळ्या तांड्यासमोर सांगून ठेवलं होतं, "काही झालं तरी निकिता ट्रकात चढणार नाही. मी हाय तोवर नाही." त्या घरातून पाचवीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. निकितानं जावं, एवढ्यासाठी ही बाई चुलीपुढे धूर खात होती.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे भागीदारी आली. कंपनीचे पैसे, संस्थेची माणसं, जिल्ह्याची परवानगी. छतावर डबल उंचीच्या खांबावर अँटेना, वर्गात मोठा पडदा, कपाटात वीस टॅब. भिंतीवर सहा जणांच्या नावांचा आणि चिन्हांचा बोर्ड लागला, एवढा मोठा की त्याच्याखाली शाळेचं नाव झाकून गेलं. उद्घाटनाला मोतीबाईनं पहाटेपासून शंभर माणसांचा शिरा केला. फोटोच्या वेळी संस्थेचा समन्वयक हरीओम तिला म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." शिरा त्यानं दोनदा घेतला होता.

पण खोटं कशाला बोलू, टॅब कामाचे होते. ज्या पोरांनी नकाशात वाशिमसुद्धा धड पाहिला नव्हता ती ग्रहणाचे व्हिडिओ लावून भांडायला लागली. दोन अंकी वजाबाकीला अडलेली पोरं तोच धडा चारचारदा लावून स्वतः शिकली. मला चारदा विचारलं असतं तर मी खेकसलो असतो.

मग वानरं यायला लागली. अँटेनाच्या खांबावर झोके घ्यायची आणि नेट बंद पडायचं. हरीओमला फोन केला तर तो म्हणायचा तिकीट टाका, म्हणजे ऑनलाइन तक्रार करा. नेट नाही म्हणून ऑनलाइन तक्रार करा! मोतीबाईनं बाभळीच्या काट्या तोडून आणल्या आणि खांबाला खालून वरपर्यंत बांधल्या. वानरं गेली. संस्थेच्या पत्रकात तो उपाय छापून आला, फोटोसकट. नाव हरीओमचं होतं.

शाळा सकाळी तीच उघडायची, म्हणून कपाटाची किल्लीही मीच तिच्याकडे दिली होती. तोंडी. आमच्याकडे सगळं तोंडीच चालतं.

आता करारातली मेख सांगतो. टॅब शाळेच्या आवारातच राहायला हवेत, आणि महिन्याचा वापर ठरावीक तासांच्या खाली सलग दोन महिने गेला तर सगळा संच दुसऱ्या शाळेला. हे वाचल्यावर मी जुलैतच लेखी कळवलं की दसऱ्यानंतर अठ्ठावन्नपैकी एकेचाळीस पोरं आईबापांबरोबर उसाला जातात, तर तेवढे महिने नियम शिथिल करा. उत्तर म्हणून हरीओमनं मोबाईलवर अंगठ्याचं चित्र पाठवलं. शिक्षणात क्रांती करायला निघालेल्यांना एक अर्ज वाचायला होत नाही.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मी ऑफिसात माहिती भरत बसलो होतो. संध्याकाळपर्यंत मागितलेली तीच माहिती तिसऱ्यांदा भरत होतो. मोतीबाई दारात आली.

"सर, एक इचारू काय?"

"बोला."

"पोट्टे चालले सारे. मंग शाया काहून मांगं राह्यते? थे टॅब धाडू का त्याईच्यासंग? होळीले आणतीन वापस."

मी मान वर केली नाही. "पाहा तुमी, मोतीबाई," म्हणालो.

हे तीन शब्द मी म्हणालो. त्यांचा अर्थ आमच्या भागात काय होतो ते लहान पोरालाही माहीत आहे. नाही म्हणायचं असलं की माणूस नाही म्हणतो.

फडावर निघताना तांडा घर उचलून नेतो. शेळ्या, कोंबड्या, ज्वारीचे डबे, तवा, पत्र्याची पेटी, जे लागतं ते सगळं ट्रकवर चढतं. पोरांना टॅब लागतो, तर टॅबही चढणार, यात लपवाछपवी कसली? मोतीबाईनं तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, उदयसिंगला बोलावलं. मागं राहणाऱ्यांसाठी आठ टॅब ठेवून बारा न्यायचे ठरले, म्हणून सेवालाल महाराजांच्या देवळापुढे बारा पोरांच्या बारा आयांना उभं केलं. प्रत्येकीनं आण घेतली की जीव गेला तरी हे दुसऱ्याच्या हाती देणार नाही आणि होळीला जसंच्या तसं परत आणेन. टॅब ज्वारीच्या डब्यात, धुतलेल्या लुगड्यात गुंडाळून गेले. सगळा तांडा बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं तर आठच टॅब. मी कपाट लावून घेतलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

आणि पोरं शिकली! धडे टॅबमध्येच भरलेले होते, त्याला नेट लागत नव्हतं. ज्योत्स्नाचा फोन यायचा, "सर, पोट्टे संध्याकायी कोपीत बसतात अन् पाढे म्हणतात." कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी. आठवड्यातून एकदा मुकादमाच्या मोबाईलवरून नेट घ्यायचे आणि केलेला अभ्यास वर, म्हणजे संस्थेकडे, जायचा.

तिथंच घात झाला. डिसेंबरात हरीओमचा फोन आला. "सर, तुमचे बारा डिव्हाइस नकाशावर इथून पाचशे किलोमीटरवर दिसताहेत. काय प्रकार आहे?"

मी सांगितलं, अगदी पहिल्यापासून. मग विचारलं, "वापर किती दिसतो?"

तो म्हणाला, "वापर सगळ्यात जास्त आहे सर. सगळ्या शाळांत. पण तो मुद्दा नाहीये."

मग मुद्दा काय होता रे बाबा? मुलांनी शिकावं हा नव्हता, तर कोणता होता? त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी फोनवर काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. फुकटचा आवाज होता तो, कारण आठ दिवसांनी शिक्षण खात्याच्या साहेबापुढे उभा राहिलो तेव्हा त्यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही.

साहेब म्हणाले, "भागवत, एकतर तुमची परवानगी होती, नाहीतर बाईनं परस्पर दिले. परवानगी असेल तर तुमची चौकशी लागेल. कोणतं लिहून देता?" माझा बदलीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. मी खुर्ची ओढली आणि लिहिलं. किल्ली सदर महिलेनं माझ्या नकळत वापरली. टॅब नेल्याबाबत मला काहीही कल्पना नव्हती. पाच ओळी. अक्षर माझं चांगलं आहे.

कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून कुणीतरी एक बटण दाबलं आणि फडावरचे बाराही टॅब एका संध्याकाळी काळे पडले. पोरांना वाटलं आपणच मोडले. तिसरीतल्या एका पोरीला बापानं बदडलं, आण मोडली म्हणून. ती दोन दिवस जेवली नाही. हे ज्योत्स्नानं सांगितलं आणि मी पुढे कुणालाही सांगितलं नाही.

मोतीबाईचं काम सुटल्याचं तिला मीच सांगितलं. ती भांडी घासत होती.

"मी तुमाले इचारलं होतं ना सर?"

"हो."

"मंग थे सांगतलं नाही तुमी साहेबाले?"

तिनं पातेलं विसळून पालथं घातलं, शाळेच्या दाराची किल्ली ओट्यावर ठेवली आणि गेली.

होळीला बाराच्या बारा टॅब आले. एकालाही चरा नव्हता. तोवर वापर कमी झाल्याचं कारण दाखवून उरलेला संच हलवलाही होता, मोठ्या रस्त्यावरच्या एका शाळेत, जिथं निम्म्या घरांत आधीच वायफाय आहे; हे बाराही तिकडेच गेले. वापर कमी झाला, कारण टॅब यांनीच बंद केले होते! अँटेना काढणाऱ्यांनी मोतीबाईच्या बाभळीच्या काट्या अंगणात फेकून दिल्या, त्या पोरांच्या पायात भरल्या. बोर्ड मात्र ठेवला. आणि पावसाळ्यात संस्थेचा वार्षिक अहवाल आला, गुळगुळीत कागदाचा. त्यात एक पान स्थलांतरित मुलांवर होतं. फडावरच्या त्या वापराचे तास त्यात ठळक छापले होते. आमचा उपक्रम थेट उसाच्या शेतात पोचला, असं खाली लिहिलं होतं. मी ते पान फाडलं आणि तुकडे चुलीत घातले. त्यानं कुणाचं काय वाकडं झालं?

दसरा झाल्यावर मात्र मी दुसरा कागद लिहिला. पहिला जबाब खोटा आहे, मोतीबाई आडे हिनं मला विचारलं होतं, मी होकार दिला होता, भीतीनं खोटं लिहिलं, तिला कामावर परत घ्या. साहेबाच्या ऑफिसातला बाबू म्हणाला, "सर, प्रकरण बंद झालं. आता त्या जागेवर दुसरी बाई आहे." मी म्हटलं, शिक्का मार. त्यानं माझ्याकडच्या प्रतीवर शिक्का मारून पोच दिली.

पोच घेऊन मी तांड्यावर गेलो त्या दिवशी ट्रक उभा होता. मोतीबाईनं कोयत्याला नवीन मूठ बसवली होती. काम गेल्यावर दुसरं होतंच काय? धरमसिंगला मागं भावाकडे ठेवलं होतं. निकिता पेटीवर बसली होती, पाचवीचं दप्तर मांडीवर घेऊन.

"मोतीबाई, पोरीले नेऊ नका. माह्या घरी ठेवा इंझोरीले. माही बायको सांभाळीन."

"तुमच्यापाशी माहा एक शब्द राह्यला नाही सर," ती म्हणाली. "पोरगी ठेवू?"

मी कागद पुढे केला. तिनं तो उलटसुलट पाहिला आणि निकिताकडे दिला. "वाच वं. मोठ्यानं वाच."

निकिता पेटीवर उभी राहिली. सारा तांडा ट्रकभोवती होता, उदयसिंग नायकही होता. तिनं विषय वाचला, संदर्भ वाचला, मग मजकूर. जोडाक्षराला अडली नाही, स्वल्पविरामाला थांबली. "मी माझी नोकरी वाचवण्यासाठी खोटं लिहून दिलं," हेही तिनं तसंच स्वच्छ वाचलं आणि खाली माझं नाव वाचलं.

मोतीबाईनं कागदाची घडी करून कमरेच्या पिशवीत घातली.

"कशी वाचते पाहा सर," ती मला म्हणाली. "कुठंच नाही अडली."

मग ती ट्रकात चढली आणि तिनं निकितालाही हात देऊन वर ओढलं.