भाड्याच्या जहाजावरची दोन बोटं

रडायला बसावं आणि कुणीतरी असं काही बोलून जावं की रडणंच विसरावं, असं माझं वर्षभर चाललंय. एकेक ऐकून किस्से नुसते साठतायत! सांगितले नाहीत तर डोकं फुटेल.

आमचे हे, भास्कर, वेल्डर. सातपूरच्या ठेकेदारानं त्यांना समुद्रातल्या जहाजावर कामाला पाठवलं. जहाज एकाचं, भाड्यानं घेतलेलं दुसऱ्या कंपनीनं, माणसं पाठवणारा हा तिसरा. तिथं क्रेनचा दोर तुटला, पाइप ह्यांच्या हातावर आला.

ठेकेदाराचा फोन. "वहिनी, घाबरू नका. भाऊंच्या दोन बोटांना थोडं लागलंय."

"मग पट्टी बांधा की!"

तर म्हणतो, "कशाला बांधणार वहिनी? बोटं नाहीत ना!"

*

मुंबईच्या दवाखान्यात खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "पेशंट कोणत्या कंपनीचा?"

मी ह्यांच्या सामानाकडे बघितलं. हेल्मेटवर जहाजमालकाचं नाव, कपड्यांवर जहाज भाड्यानं घेणाऱ्यांचं, गळ्यातल्या पासवर ठेकेदाराचं! तिघांना फोन लावले. तिघंही म्हणाले, "आमचा माणूस नाही."

आमचं म्हणावं असं अंगावर फक्त बनियन. मी म्हटलं, "लिहा बाई, बनियन कंपनी!"

*

जखम भरली, पण उरलेली बोटं वळेनात. डॉक्टर म्हणाले, अजून एक ऑपरेशन झालं तर हातात पुन्हा वेल्डिंगचा होल्डर धरता येईल, पण उशीर नको. ते करून द्या, एवढंच माझं मागणं. गेले ठेकेदाराच्या ऑफिसात.

"बसा वहिनी, मिसळ मागवू?"

"बोटं मागवा!"

तो खाली बघून म्हणाला, "जहाज भाड्याचं आहे हो."

"आमची खोलीपण भाड्याची. छत पडलं तर मालकाला धरू ना?"

"मालक जहाजाचा. माणसांचा नाही."

"मग ज्यानं भाड्यानं घेतलं तो?"

"त्यानं जहाज घेतलं. माणसं आमची."

"सापडलात! मग तुम्हीच करा."

"आमची म्हणजे... आम्ही नुसती पाठवतो."

"कुरिअरवाले काय तुम्ही? मग पार्सल फुटकं का आलं?"

*

विम्याचा साहेब घरी आला. चांगला शिकलेला, चहा फुंकून फुंकून प्यायला. वही काढली आणि विचारतो कसा, "बोटं जहाजावर पडली की समुद्रात?"

माझ्या हातातली बशी सुटली. "का? शोधायला जाताय?"

"तसं नाही ताई. जागेवरून जबाबदारी ठरते."

हे पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "साहेब, मी लय ओरडत होतो. बघायचं राहून गेलं!"

*

शेवटी कामगार कोर्टात गेलो. तिकडे तीन वकील. जहाजमालकाचा वकील व्हरांड्यात मला समजावतो, "करारच तसा आहे. चूक कुणाचीही असो, ज्याचा माणूस त्यानं निस्तरायचं."

"म्हणजे तुमच्या क्रेननं माझ्या नवऱ्याचा हात चेंगरला, तरी तुम्ही मोकळे?"

"हो."

एवढा स्वच्छ 'हो' मी आयुष्यात ऐकला नव्हता!

"बरं, मग माणूस कुणाचा?"

"तेवढंच ठरायचं राहिलंय."

*

आणि मागच्या आठवड्यात टपालानं एक जाड पाकीट आलं. आत सोनेरी कडांचं सर्टिफिकेट! सगळं इंग्रजीत, म्हणून शेजारच्या मुलीकडून वाचून घेतलं. त्या जहाजावर वर्षभरात एकही अपघात झाला नाही, म्हणून तिथल्या सगळ्यांचा गौरव. ह्यांचं नाव मधोमध. खाली तीन सह्या, तीन शिक्के.

मी खाटेवर बसले. दोन बोटं गेलेल्या माणसाला हे धाडतात?

तारखेला मी ते कोर्टात घेऊन गेले, जजसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी वरून खालपर्यंत वाचलं आणि तिघा वकिलांना जवळ बोलावलं. "या सह्या तुमच्याच ना?"

जहाजमालकाचा वकील खूश. "आमचीच साहेब. बघा, अपघात झालाच नाही असं स्वच्छ लिहिलंय!"

"आमचीही आहे," दुसरा म्हणाला.

ठेकेदाराचा वकील मागे कशाला राहील? "तिसरी आमची!"

साहेब म्हणाले, "छान. पहिली ओळ वाचा. मोठ्यानं, मराठीत. बाईंना ऐकू दे."

जहाजमालकाच्या वकिलानं चष्मा नीट केला, कागद उचलला. "आम्ही तिघेही अभिमानानं सांगतो की, आमचे कामगार श्री. भास्कर..."

आणि तिथंच थांबला.