कडी मोजणारे दाजी

आमच्या दाजींइतका मोजणारा माणूस दौंड तालुक्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका आकडा सांगायला कां-कूं करणाराही झाला नाही.

थोरल्या ताईचे हे यजमान कुरकुंभच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये होते. जिवाणूच्या पोटात त्याच्या मुख्य डीएनएशिवाय प्लाझ्मिड नावाची बांगडीसारखी इवली इवली कडी असतात. औषधाची कृती त्या कड्यांवरच लिहिलेली. एका जिवाणूत अशी सरासरी किती कडी आहेत याचा अंदाज काढायचा, हे दाजींचं काम. कडी काही डोळ्यांना दिसत नाहीत. मग नमुन्याचा चमकणारा पट्टा, कडी किती हे आधीच माहीत असलेल्या पट्ट्याशेजारी ठेवून ताडून बघायचा. त्या माहीत असलेल्या पट्ट्याला ते 'कंट्रोल' म्हणत. ताडल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय मग अंगातच मुरली. भाजीवाल्याच्या काट्यावर ते आधी घरून आणलेलं वजन ठेवून बघत. वरवंडला माझ्या लग्नात आमच्या वडिलांनी, आबांनी, पानं किती धरायची म्हणून विचारलं, तर गावातल्या मागच्या लग्नांना किती माणूस जेवलं याची दाजी घरोघर चौकशी करत फिरले, आणि भात चुलीवर चढल्यावर येऊन म्हणाले, "आबा, अंदाज हाय, पण अजून एकदा बघू."

या 'अजून एकदा'पायी कंपनीतही एकदा वाजलं. जिवाणू वाढवायची टाकी भरलेली, साहेब आकड्यासाठी डोक्यावर उभे, आणि दाजींना कडी कमी वाटली. त्यांनी पुन्हा नमुना लावला. कडी कमीच निघाली, सगळी टाकी ओतून द्यावी लागली. साहेबांनी कितीतरी दिवस अबोला धरला. कडी कमी व्हायचं म्हणाली त्याला मी काय करू, असं दाजी ताईला सांगत.

अशा माणसानं आयुष्यात एकच रीडिंग डोळे मिटून मानलं. ताईला दिवस गेले, डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच तपासून एक बाळ असल्याचं सांगितलं, आणि दाजी इतके हरखले की पुन्हा तपासायचं नावच काढेनात. वेळ आली तेव्हा एक मुलगी झाली, आणि तिच्या मागोमाग दुसरी. दाजी दारातच थिजले. "कंट्रोल लावाय पायजे व्हता," एवढंच पुटपुटले.

दुसरी फारच बारकी होती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. दाजी ड्यूटी संपली की सरळ तिच्यापाशी येऊन बसत. एका संध्याकाळी मी गेले, आज वजन किती भरलं म्हणून विचारलं.

"इचारलं न्हाई," ते म्हणाले. पेटीच्या भोकातून आत घातलेलं त्यांचं बोट तिनं धरून ठेवलं होतं.

पोरगी जगली, चांगली दांडगी झाली. आता दोघी बहिणी शाळेला निघाल्या की दाजी फाटकाशी उभे राहतात, आणि पोरी कोपऱ्यावर वळून दिसेनाशा झाल्या तरी बराच वेळ आत येत नाहीत.