शालिनीताईंची पाणवनस्पती

टबातल्या पाण्यात डासाची बारीकशी अळी वळवळत होती. हिरव्या तंतूवरच्या मोहरीएवढ्या फुग्याला ती टेकली आणि दिसेनाशी झाली. फुग्याचं दार आत उघडतं आणि लगेच मिटतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी वाकून पुन्हा पाहिलं.

ही कीटक खाणारी वनस्पती गावाबाहेरच्या तळ्यात तरंगायची. तिला मुळं नसतात आणि पाणी नितळ लागतं. जाणकार तिला ‘संकटग्रस्त’ म्हणतात. तळं बुजवायला लागले तेव्हा माझ्या शेजारच्या शालिनीताईंनी थोडे तंतू बादलीतून घरी आणले. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. दुसऱ्या तळ्यांत त्यांनी तंतू सोडून पाहिले, पण शेतातलं खत उतरलेल्या पाण्यात ते कुजले. उरले ते या टबात.

तेव्हापासून ताई कधी परगावी राहिल्या नाहीत. लेकीला मुलगी झाली, तरी त्या टबापाशीच.

“बारशाला तरी जा,” मी म्हणाले.

“आणि पाणी कोण बघेल? एकदा नासलं की संपलंच.”

“मी बघते.”

टबातलं शेवाळ कसं काढायचं, ते त्यांनी मला दोनदा करून दाखवलं. मग त्यांनी बॅग भरायला घेतली.

ताई तिकडे रमल्या आहेत. फोनवर मागून नातीचं हसू ऐकू येतं, त्यामुळे ‘परत कधी येताय’ हे विचारवत नाही. रोज शेवाळ काढताना वाटतं, एखादी जात जगायची तर कुणाला तरी असं अडकून पडावंच लागत असेल.

काल भावाचा फोन आला. “दिवाळीला येतेस ना माहेरी?”

“या वर्षी तुम्हीच या की इकडे,” मी म्हणाले.