तेरा महिने तिचे पाय जमिनीला लागले नव्हते

ज्या कामावर आपलं घर चालतं, त्या कामाला ‘आज नाही’ कधी म्हणायचं? मला माहीत नाही. हा प्रश्न मनात घेऊन मी निघाले असं म्हणणं खोटं ठरेल, कारण निघताना मला फक्त बर्फ, हंस आणि जगातलं एक प्रचंड जमिनीखालचं वीजघर बघायचं होतं. प्रश्न तिकडे भेटला.

आधी लुईझाची ओळख. गेल्या वर्षी न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला आमच्या विद्यापीठात वीजवाहिन्यांच्या सुरक्षा-यंत्रणेवर दोन आठवड्यांचा कोर्स होता. मी पॉवरमध्ये एम. एस. करते, म्हणून आलेल्या लोकांना लॅब दाखवायचं काम माझ्याकडे आलं. त्यात लुईझा होती. कॅनडाच्या पार उत्तरेकडची, क्री जमातीची, धरणावरच्या कंट्रोल रूममध्ये नोकरीला. तिच्या घरात शिकून नोकरीला लागलेली ती पहिली, आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. एवढं कळल्यावर गप्पा थांबेनात. पिठलं-भात तिला आवडला, लसणीची चटणी तिने डब्यातून नेली. जाताना म्हणाली, “मेमध्ये हंस येतात. तेव्हा ये. माझ्या मुलीचं चालणंही तेव्हाच आहे.” चालणं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. वाढदिवसासारखं काही असेल, असं धरून चालले.

सेमिस्टर संपल्या संपल्या निघालो, मी आणि माझी रूममेट तृप्ती. गाडी तृप्तीची, अकरा वर्षं जुनी. ती नागपूरची आहे आणि पन्नास डिग्रीत वाढल्यामुळे आपल्याला थंडी वाजत नाही असा तिचा दावा आहे. तो दावा आल्बनीपर्यंत टिकला.

जायचा विचार असेल त्यांच्यासाठी आधी कागदपत्रांचं सांगते. कॅनडाचा व्हिसा न्यूयॉर्कच्या वकिलातीतून काढला, सकाळी रांगेत उभं राहून. माझा अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का संपलेला आहे, पण तीस दिवसांच्या आत कॅनडातून परत आलं तर आय-ट्वेंटीवर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या विद्यार्थी-पत्रावर, आत घेतात. विद्यापीठाच्या ऑफिसातून त्यावर ताजी सही घ्यायला विसरू नका. सीमेवरच्या अधिकाऱ्याने कुठे चाललात विचारलं. गावाचं नाव सांगितल्यावर त्याने मान वर करून गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, “ह्या गाडीने?”

पहिला दिवस माँट्रिआल ओलांडून मों-लोरिएपर्यंत. मोटेल पासष्ट डॉलर, भिंती पातळ, गरम पाणी भरपूर. दुसऱ्या दिवशी वाल-दॉर करत मातागामी. इथून पुढे सहाशेवीस किलोमीटर एकच रस्ता आणि वाटेत एकही गाव नाही. सहाव्या किलोमीटरला चौकी लागते. तिथे थांबून नाव, गाडीचा नंबर, कुठे जाणार, कधी परतणार हे सगळं लिहून द्यायचं. कुणी तरी आपली वाट बघणार आहे, हे लिहून दिल्यावर फार बरं वाटतं. पेट्रोल तीनशे एक्याऐंशीव्या किलोमीटरलाच मिळतं, महाग मिळतं आणि कुणी कुरकुर करत नाही. तिथल्या कँटीनमध्ये सूप आणि बटाटे सात डॉलरला. तृप्ती शाकाहारी, तिने बटाट्यांवर घरून आणलेलं मेतकूट पसरलं. शेजारच्या ट्रकवाल्याने बोटाने चाखून बघितलं आणि अजून मागितलं.

आणि तो रस्ता! मेचा मध्य, तरी तळी गोठलेली. काळी, बारकी, माणसाच्या उंचीची झाडं, एकामागून एक, तासन् तास. मग अचानक रस्ता नदीवर येतो आणि ती नदी एवढी रुंद, एवढी पांढरी, की मी गाडी बाजूला घेऊन उतरलेच. वरून हंस चालले होते. आधी आवाज येतो, बऱ्याच वेळाने रांग दिसते. आम्ही दोघी वेड्यासारखे हात हलवत होतो. पुढे विजेचे मनोरे सुरू झाले. मनोऱ्यांच्या गणितावर मी सेमिस्टरभर डोकं फोडलं होतं, पण ते जंगल कापत दक्षिणेकडे, आपल्या बाजूला चालत निघालेले कधी पाहिले नव्हते.

शेवटी दोन गावं आहेत, एकमेकांपासून तासाभरावर. एक कंपनीचं: नीटस घरं, हॉटेल, कँटीन, विमानाने येणारे-जाणारे कामगार. दुसरं क्री लोकांचं. नावं मुद्दाम लिहीत नाही, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. लुईझा आठ दिवस कंपनीच्या गावात ड्यूटी करते आणि सहा दिवस घरी असते. हंस येतात तेव्हा मात्र क्री गाव जवळजवळ रिकामं होतं. शाळेला सुट्टी, दुकानं अर्धी बंद, सगळे नदीकाठच्या आपापल्या तळांवर.

लुईझाच्या घरचा तळही असाच, रस्त्यापासून दहा मिनिटांवर. लुईझाची ड्यूटी दुसऱ्या दिवशी संपणार होती, तळावर तिचा नवरा सॅम आणि तिची आई होते. आईला मी आपलं “आजी” म्हणाले, ती म्हणाली, “कुकुम म्हण. तेच आहे.” तंबूत जमिनीवर देवदाराच्या फांद्या अंथरलेल्या, पाय ठेवला की वास उठतो. मधे शेकोटी, त्यावर दोरीला टांगलेले हंस स्वतःभोवती हळूहळू फिरत भाजत होते आणि खाली ठेवलेल्या भांड्यात चरबी ठिबकत होती. ती चरबी पावाला लावून खायची. मी किती खाल्ली ते सांगत नाही.

आणि एमा. तेरा महिन्यांची, गोबरी, तंबूत भिंतीला धरून तुरुतुरु पळणारी. पोचल्यावर तासाभरात कुकुमने तिला माझ्या कडेवर दिलं आणि स्वतः बाहेर जाळं सोडवायला गेली. मीही मागे गेले. एमा भलतीच जड. शिवाय ती खाली उतरायला धडपडत होती, आणि आपल्याकडे मूल धडपडलं की आपण काय करतो? उतरवतो. मी वाकले, आणि कुकुम ओरडली. काय ओरडली कळलं नाही, पण कळलं. एमाचे पाय जमिनीच्या अलीकडेच अडकले होते, माझ्या बुटांवर. माझ्या दोन बुटांवर दोन पाय ठेवून ती उभी होती आणि मी पुतळ्यासारखी वाकलेली.

सॅमने धावत येऊन तिला उचललं. मग त्याने सांगितलं. मूल चालायला लागलं तरी बाहेरच्या जमिनीवर त्याचे पाय लागू द्यायचे नाहीत. एका पहाटे, सूर्य उगवताना, सगळ्या नातेवाइकांसमोर आई-वडील त्याला तंबूच्या दारातून चालवत बाहेर नेतात, तेव्हा ते पहिल्यांदा जमिनीला भेटतं. तोवर कडेवर. अंगणात, दुकानात, सगळीकडे कडेवर. एमाचं हे चालणं परवा पहाटे होतं.

मला रडू यायचं बाकी होतं. कुकुमने माझे बूट नीट निरखले. “कुठून घेतले?”

“न्यू जर्सीतून.”

“मग चालेल,” ती म्हणाली. “ती न्यू जर्सीवर उभी राहिली. इथे अजून नाही.” त्यानंतर तळावर जो कोणी येई त्याला माझे बूट दाखवले जात.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीजघर पाहायला गेलो. फेरी फुकट आहे, आधी नाव द्यावं लागतं आणि पासपोर्ट लागतो. बस डोंगराच्या पोटात शिरते. पुस्तकात ज्याचा छेद दाखवतात ते टर्बाइन आपल्या पायाखाली फिरतंय, जमीन थरथरतेय, आणि ते सगळं सांभाळणाऱ्यांमध्ये माझी मैत्रीण आहे! मी मार्गदर्शकाला इतके प्रश्न विचारले की तृप्ती माझ्यापासून लांब जाऊन उभी राहिली. निघायच्या आधी कुकुमला मी विचारलं होतं, ह्या धरणाबद्दल तिला काय वाटतं. तिचं जुनं गाव नदीतल्या बेटावर होतं, नदीचं पाणी वाढणार म्हणून ते उठलं. ती म्हणाली, “माझ्या नदीवर आता माझी मुलगी बटणं दाबते. बटणं असणारच असतील, तर दाबणारी आमची असू दे.”

तीनच्या सुमाराला कँटीनमध्ये लुईझा भेटली, जेवणाच्या सुट्टीत. चेहरा उतरलेला. दक्षिणेकडून येणारं विमान बर्फामुळे रद्द झालं होतं. त्याच विमानाने तिच्या जागी संध्याकाळी सातला बसणारा माणूस यायचा होता. पाळी संपली तरी बदली आल्याशिवाय कंट्रोल रूममधली खुर्ची सोडता येत नाही. पुढचं विमान उद्या दुपारी, आणि चालणं उद्या पहाटे. पुढे ढकलायचं तर काका-मामा जंगलात पांगणार, ते एकत्र येणार थेट शरद ऋतूत. म्हणजे एमा अख्खा उन्हाळा कडेवर.

“दुसरं कुणीच नाही का?” मी विचारलं.

होता एक. त्याच कंट्रोल रूममधला रेमाँ. त्याचे आठ दिवस सकाळीच संपले होते, पण विमानच नसल्यामुळे तो कोपऱ्यातल्या टेबलावर बॅग पायाशी घेऊन बसला होता. रेमाँने हो म्हटलं तर प्रश्न सुटत होता. पण तोच दर वसंतात सगळ्यांसमोर म्हणायचा, हंस आले की क्री उडाले, कामाला राहतो आम्ही. लुईझाने दोन वर्षं ह्या दिवसांत एकही रजा घेतली नव्हती, फक्त ह्या माणसाला तोंड उघडायला मिळू नये म्हणून.

इथे मी जे बोलले ते प्रामाणिकपणे लिहिते. मी म्हणाले, मागू नकोस. एकदा मागितलंस की वर्षभर ऐकवेल. मग तिला धीर यावा म्हणून स्वतःचं सांगितलं: माझ्या ताईचं लग्न होतं तेव्हा माझा प्रयोग चालू होता, मी प्रोफेसरांकडे सुट्टीचा शब्दसुद्धा काढला नाही. आपल्यासारख्या पहिल्या मुलींना हे करावंच लागतं.

लुईझाने ऐकून घेतलं. मग विचारलं, “कसं झालं लग्न?”

“चांगलं झालं असणार. सीडी आली आहे. अजून बघितली नाही.”

“कधी आली?”

“दीड वर्ष झालं.”

तिने ट्रे उचलला आणि रेमाँच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. बोलणं फ्रेंचमध्ये, मला नुसतं दिसत होतं. तो हसला आणि दोन्ही कोपर पंखांसारखे हलवून दाखवले. आजूबाजूचे हसले. लुईझा हसली नाही, हललीही नाही. एक वाक्य बोलली. त्याने काटा खाली ठेवला. त्याने काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, आणि मग त्याने बॅग पायाने टेबलाखाली सरकवली.

परत आल्यावर तिने सांगितलं. ती म्हणाली होती, “माझी मुलगी अजून जमिनीवर उभी राहिलेली नाही. उद्या राहणार आहे.” त्याने विचारलं, तेरा महिने तुम्ही तिला उचलून घेतलंत? ती म्हणाली, हो, आळीपाळीने, आठ दिवसांची पाळी माझ्या आईची.

“आणि?”

“सातला येतो म्हणाला. हंसाची एक तंगडी त्याची.”

सात वाजायला दहा मिनिटं असताना तो आत गेला. आम्ही तिच्या ट्रकमागून आमची गाडी दामटत तळावर पोचलो तेव्हा अजून उजेड होता.

पहाटे पाचच्या आधी सगळे तंबूत. दार पूर्वेला. एमाला नवा झगा, पाठीवर काटक्यांची चिमुकली मोळी, हातात लाकडाची कुऱ्हाड. बाहेर फांद्या अंथरलेली वाट, वाटेच्या टोकाला एक छोटं झाड. सूर्याची कड दिसली तसा पडदा बाजूला झाला. एका हाताला लुईझा, दुसऱ्या हाताला सॅम. एमा उंबरठ्याशी थांबली. खाली बघितलं. पाय उचलला, परत घेतला. कुणी घाई केली नाही, कुणी बोलावलं नाही. मग तिने पाय टाकला आणि जी निघाली ती कुऱ्हाड फरफटत, आई-बापाला ओढत, झाडाला वळसा घालून परत. मोळी कुकुमच्या मांडीत टाकली. मग ती एकेकाच्या कुशीतून फिरली, माझ्याही. तृप्ती, जिला थंडी वाजत नाही, ती हुंदके देत होती.

तंगडी फॉइलमध्ये गुंडाळून पहिल्या जाणाऱ्या गाडीतून कंपनीच्या गावाला गेली.

परतीचे तीन दिवस. चौकीवर थांबून आपली नावं खोडायला सांगा, विसरू नका, नाहीतर शोधायला निघतात. सात दिवसांचा खर्च पेट्रोल धरून दोघींत प्रत्येकी तीनशेच्या आत. बूट चिखलाने गेले, पण टाकलेले नाहीत.

घरी आल्यावर सीडी लावली. ताई सप्तपदीच्या आधी दोनदा दाराकडे बघते. ती ऑगस्टमध्ये बाळंत होणार आहे. मी गेले तर मुंबईत नवा शिक्का घ्यावा लागेल, तो मिळायला उशीर झाला तर सेमिस्टर बुडेल. हे मला माहीत आहे, प्रोफेसरांनाही माहीत आहे. सोमवारी त्यांच्या खोलीत जाऊन मी चार आठवडे मागितले. ते म्हणाले, प्रयोग कोण बघणार? मी म्हणाले, अजून ठरलेलं नाही, पण मी जाणार आहे. त्यांनी कॅलेंडर काढलं आणि तीन आठवडे दिले.

तिकीट काढलं आहे. नेवार्क ते मुंबई, एकोणतीस जुलै.