सिल्वासाच्या भिंतींवर नानांचं पोस्टर

सिल्वासाला जायचं ठरलं ते अक्षरांसाठी. ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला एक छापील काम आणि एक वेबसाइट करायची असते. सिल्वासातल्या टोकरखाड्यात राहणारी माझी मावशी तिथे शिक्षिका आहे. ती म्हणाली, "इकडे एका गल्लीत गुजराती, मराठी, हिंदी सगळ्या पाट्या सापडतील. ये."

तुम्ही नाशिकहून जाणार असाल तर पेठमार्गे सकाळची गाडी धरा. घाटात वळणं फार, त्यामुळे पोट हलकं ठेवा, पण झोपू नका. वळणागणिक डोंगर असे उघडत जातात की मी कॅमेरा काढायचंही विसरले.

पहिला दिवस पाट्यांचे फोटो काढण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या सरलाताई दारात आल्या. त्या मूळच्या शिरपूरकडच्या, राखोलीला सुताच्या कारखान्यात कामाला. त्यांचे वडील, नाना, अलीकडेच गावाहून आले होते. त्यांना हल्ली काही आठवत नाही आणि अहिराणीशिवाय ते काही बोलत नाहीत. ते आदल्या दुपारपासून घरी नव्हते. पोलिसांत कळवून झालं होतं.

मावशी माझ्याकडे वळली. "तू पोस्टरं करतेस ना? मग कर."

लग्नातल्या फोटोतून नानांचा चेहरा कापून घेतला. मजकूर तीन भाषांत; त्यातला गुजराती भाग मावशीने लिहून दिला. अक्षरं चालत्या रिक्षातून वाचता येतील एवढी मोठी. खाली सरलाताईंचा नंबर आणि मोबाइलने स्कॅन करायचा चौकोन ठेवला. तो उघडला की साधं वेबपान, त्यावर तोच फोटो, तोच नंबर आणि एक बटण. बटण दाबलं की सरलाताईंचा आवाज: "नाना, घर चला. मी शे ना."

'मी आहे ना' एवढं अहिराणीत सांगताना त्या रडल्या, आणि तेही रेकॉर्ड झालं. मी म्हटलं, पुन्हा रेकॉर्ड करू या. मावशी म्हणाली, "राहू दे, असंच राहू दे."

बाजारातल्या झेरॉक्सवाल्याने बाकीची कामं बाजूला सारून पोस्टरं छापली. मग आम्ही तिघी शेअर रिक्षाने निघालो. आधी डोकमर्डी, मग दमणगंगेवरचा राखोलीचा पूल. पुलाजवळच्या टपरीवर खळ लावून मागे सरकते तोच माणसं जमली. एक ड्रायव्हर हिंदीत मोठ्याने वाचत होता, भाजीवाली गुजरातीत, आणि कारखान्यातून सुटलेला एकजण मराठीत. एकच चेहरा मी तीन आवाजांत ऐकत होते. वर्गात आमची कामं भिंतीवर लागतात, पण ती कोणी अशी वाचत नाही.

खानवेलकडे जाताना रस्ता सागाच्या जंगलात शिरतो. एरवी मी वेडीच झाले असते. त्या दिवशी झाडांच्या मधल्या प्रत्येक सावलीत म्हातारा माणूस दिसत होता.

खानवेलला भजी घेतली, पण सरलाताईंनी हात लावला नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. दुधनीच्या रस्त्यावरून एक बाई बोलत होती. भाच्याने राखोलीच्या पुलाजवळ पोस्टर पाहून तिला वेबपान पाठवलं होतं. काल जीपमधून उतरलेले एक आजोबा तेव्हापासून तिच्या ओट्यावर बसून होते. तिने जेवायला घातलं, पण बोलणं काही उमजेना.

"में बटन दबाव्युं ने," ती सांगत होती, "दादा ऊभा थई गया!"

आम्ही पोहोचलो तेव्हाही ते उभेच होते. समोर धरणाचं पाणी, त्यात बुडालेल्या डोंगरांचे माथे, आणि ओट्याच्या कडेला काठी धरून नाना. सरलाताई धावल्या. नानांनी लेकीकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "बेटा, जेवनी का तू?"

ती बाई पदराने डोळे पुसत चहा टाकायला आत गेली. मी दोघांचा फोटो काढला नाही.

नाशिकला परतल्यावर तेच पोस्टर आणि तेच पान परीक्षेला लावलं, फक्त फोटो आणि नंबर काढून. सर म्हणाले, "अक्षरं जरा ओबडधोबड झालीत." खरंय ते. पाट्यांचे फोटो अजून मोबाइलमध्ये तसेच पडलेत. आता रस्त्यात कुठेही 'हरवले आहेत' दिसलं की मी थांबते, शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि तो चेहरा सोबत घेऊन पुढे जाते.